डोळ्यांनी पाहा, तोंडाने बोला, हाताने मोजा : केलेला अभ्यास लक्षात राहण्यासाठी



आपल्या गटांमधल्या बऱ्याच जणी सध्या पुन्हा विद्यार्थिनी झाल्या आहेत. कुणी बी.सी. सखी होण्यासाठी परीक्षेची तयारी करते आहे, कुणी १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसली आहे, कुणी पशुसखीचं प्रशिक्षण घेते आहे. ज्यांनी कधी पाटी हातात धरली नव्हती अशा मावश्या आणि आज्ज्या 'उल्लास' नवभारत साक्षरता कार्यक्रमात वाचन, लेखन आणि संख्याज्ञान अशी १५० गुणांची परीक्षा देतात. आणि बहुतेकींच्या तोंडी एकच वाक्य असतं : "वाचते गं, पण डोक्यात राहतच नाही. आता का वय आहे आपलं शिकायचं?"

हेच म्हणणाऱ्या बाईला जरा विचारून बघा. शेळी कधी फळली, कधी विणार, हे तिला तोंडपाठ असतं. वीस माणसांच्या पुरणाला किती डाळ, किती गूळ, हे ती कागदाशिवाय सांगते. नणंदेच्या लग्नात कुणी काय आहेर केला, तेही सांगते. म्हणजे डोकं चांगलं शाबूत आहे. मग पुस्तकातलंच का निसटतं? कारण शेळी आपण हाताने चारतो, डोळ्यांनी बघतो, तिचा आवाज ओळखतो. पुरण ढवळतो, वास घेतो, चाखतो. पुस्तकावरून मात्र नुसती नजर फिरवतो. एका दोरीने बांधलेलं ओझं सुटतं, चार दोऱ्यांनी बांधलेलं टिकतं. या पाठात त्या चार दोऱ्या कशा बांधायच्या ते शिकू.

विसरणं कधी होतं?

आधी विसरण्याबद्दल एक गोष्ट. हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन अभ्यासकाने स्वतःवरच प्रयोग केले. निरर्थक अक्षरजोड्या पाठ करायच्या आणि किती वेळाने किती विसरतो ते मोजायचं. १८८५ साली त्याने ते पुस्तकरूपाने मांडलं. त्याला दिसलं ते असं : सगळ्यात जास्त विसरणं पहिल्या काही तासांतच होतं. नंतर विसरण्याचा वेग कमी होत जातो.

आपल्या कामाचं यात काय? प्रशिक्षणाहून आल्यावर वही पिशवीत ठेवली आणि थेट पुढच्या महिन्यात उघडली, तर तोवर गळायचं ते गळून गेलेलं असतं. त्याच संध्याकाळी दहा मिनिटं दिली तर बरंच वाचतं. दुधाला वेळेवर विरजण लावण्यासारखंच आहे हे.

जात्यावरची शाळा

अभ्यासाची ही पद्धत आपल्याला परकी नाही. आपल्या आज्ज्या-पणज्या पहाटे जात्यावर बसायच्या. हात खुंट्याला, कान समोरच्या बाईच्या सुराकडे, तोंडात ओवी. त्यातल्या बहुतेकींना अक्षर ओळख नव्हती. तरी शेकडो ओव्या त्यांच्या ओठांवर असायच्या आणि सासूकडून सुनेकडे, आईकडून लेकीकडे जायच्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी आपल्या सोबतिणींसह गावोगाव फिरून अशा ओव्या जमवल्या. त्यांचा आकडा एक लाखाच्या वर गेला. एक लाख ओव्या, आणि त्या जपून ठेवल्या होत्या बायकांच्या हातांनी, कानांनी आणि गळ्यांनी!

जात्याची लय, दुसरीची साथ आणि रोजची उजळणी, या तीन गोष्टींनी ते साधलं. आता जातं फारसं कुणाच्या घरी फिरत नाही, पण या तीन गोष्टी आजही आपल्या हातात आहेत. आता एकेक इंद्रिय घेऊ.

१. डोळे

सगळ्यात आधी डोळेच तपासून घ्या. चाळिशीच्या आसपास जवळचं अंधुक दिसू लागतं. म्हणून तर वाचायच्या चष्म्याला आपण 'चाळिशी'च म्हणतो. पण कित्येक जणी सुईत दोरा ओवायला नातवाला हाक मारतात आणि पुस्तक धूसर दिसलं की म्हणतात, "मला अभ्यास जमत नाही." अभ्यास जमत नाही की अक्षर दिसत नाही, हे आधी बघा. सरकारी दवाखान्यात किंवा नेत्र शिबिरात डोळे तपासून घ्या. तसंच, कमी ऐकू येत असेल तर प्रशिक्षणात पुढे बसा, त्यात लाज कसली?

आता डोळ्यांची युक्ती. डोळ्यांना ओळखीची जागा चांगली लक्षात राहते. म्हणून पाठ करायची यादी आपल्याच घरात मांडायची. प्राचीन ग्रीस आणि रोममधले वक्ते मोठमोठी भाषणं अशीच लक्षात ठेवायचे : मनातल्या मनात घरातून फिरायचं आणि प्रत्येक जागी एकेक मुद्दा ठेवायचा. आपण आपली पंचसूत्री घेऊ.

ओट्यावर चार बायका बसल्या आहेत : नियमित बैठक.
आत गेलं की फडताळात पैसे साठवायचा डबा : नियमित बचत.
स्वयंपाकघरात शेजारीण साखरेची वाटी मागायला आली आहे : अंतर्गत कर्ज.
मागच्या दाराने ती वाटी परत आली, आणि रिकामी आली नाही : नियमित परतफेड.
भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब टिपलेला : अद्ययावत हिशेब.

डोळे मिटा आणि ओट्यापासून कॅलेंडरपर्यंत एकदा चालून या. पाचही सूत्रं क्रमाने येतात की नाही? अशीच दुसरी कुठलीही यादी मांडता येते. घर मात्र आपलंच घ्यायचं, दुसरीचं चालत नाही.

२. कान आणि तोंड

कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये आपले प्रयोग प्रसिद्ध केले. मनात वाचलेल्या शब्दांपेक्षा मोठ्याने उच्चारलेले शब्द लोकांना जास्त आठवले. मोठ्याने बोलताना जीभ हलते, आपलाच आवाज आपल्या कानावर पडतो, आणि तो शब्द बाकीच्या गर्दीतून वेगळा उठून दिसतो. म्हणूनच पूर्वी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी सगळे मिळून म्हणायचे. आजही कुणी आजोबा बाजारात सव्वा किलोचा भाव गणकयंत्राच्या आधी सांगतात, ते त्या म्हणण्याच्या जोरावर.

सगळंच मोठ्याने वाचायची गरज नाही. व्याख्या, आकडे, नियम असं मोजकंच वाचा. सगळंच मोठ्याने वाचलं तर वेगळं असं काही उरतच नाही. रात्री घरात सगळे झोपले असतील तर ओठ हलवत पुटपुटलं तरी चालेल.

मोबाइलचाही उपयोग करा. धड्यातले दहा प्रश्न आपल्याच आवाजात रेकॉर्ड करा. प्रत्येक प्रश्नानंतर थोडं थांबा आणि मग उत्तर बोला. भाकऱ्या थापताना तो आवाज लावायचा आणि मधल्या थांब्यात आपण उत्तर द्यायचं. पण हे उजळणीसाठीच. नवा, अवघड धडा कुकरच्या शिट्ट्यांमध्ये डोक्यात शिरत नाही. त्याला शांत बसून वेळ द्यावाच लागतो.

एक गोष्ट मात्र कधीच मोठ्याने म्हणायची नाही, रेकॉर्ड करायची नाही आणि पासबुकाच्या मागे लिहायचीही नाही : एटीएमचा पिन. तो बोटांना शिकवा. चार आकडे दाबताना बोट कीपॅडवर कसं फिरतं, वर, खाली, आडवं, ती वाट हाताला सरावाने कळते. पिन ना बँक सखीला सांगायचा, ना घरच्या पोराला. आणि ओटीपी लक्षात ठेवायचाही नसतो, कुणाला सांगायचाही नसतो.

३. हात

आपल्या महाराष्ट्रात हाताने शिकवण्याची वाट दोन बायकांनी घालून दिली : ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. १९४५ मध्ये बोर्डी इथे त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्राचं काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडला नेलं. आज हा भाग पालघर जिल्ह्यात येतो. इटलीच्या मारिया मॉन्टेसरी यांची पद्धत होती की मुलांनी वस्तू हाताळत शिकायचं, खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवत अक्षर ओळखायचं. पण ती महागडी साधनं आदिवासी पाड्यावर कुठून आणणार? या दोघींनी शंख-शिंपले, बिया, खडे, पानं अशा आसपासच्या वस्तूंतून शिकवलं. आज गावोगाव दिसणाऱ्या अंगणवाडीची कल्पना त्यांच्याच कामातून पुढे आली.

जे मुलांना, तेच मोठ्यांना. नवसाक्षर मावशींना अक्षर शिकवताना ताटात तांदूळ किंवा रवा पसरा आणि बोटाने 'क' काढायला लावा. रांगोळीचे ठिपके जोडणाऱ्या हाताला ते वळण अवघड जात नाही. चुकलं तर ताट हलवलं की कोरी पाटी!

आणि ज्या जणी हिशेब शिकताहेत त्यांनी पन्नास चिंचोके घ्यावेत. हा खेळ पैशांचा आहे, म्हणून नीट करून बघा.

एक चिंचोका म्हणजे १०० रुपये. पन्नास चिंचोके म्हणजे ५,००० रुपयांचं कर्ज. व्याज दरमहा शेकडा २ रुपये, म्हणजे दर चिंचोक्याला महिन्याला २ रुपये. दर महिन्याला ५०० रुपये मुद्दल फेडायचं, म्हणजे पाच चिंचोके परत करायचे.

पहिला महिना : समोर ५० चिंचोके. व्याज १०० रुपये. पाच चिंचोके बाजूला काढा.
दुसरा महिना : समोर ४५ उरले. व्याज ९० रुपये. पाच बाजूला.
तिसरा महिना : समोर ४०. व्याज ८० रुपये.

असं करत दहाव्या महिन्यात समोर पाचच चिंचोके असतात आणि व्याज फक्त १० रुपये. दहा महिन्यांचं सगळं व्याज मिळवा : ५५० रुपये. हे झालं घटत्या शिल्लकीवरचं व्याज.

आता दुसरा सावकार म्हणतो, "माझा दरही तोच, शेकडा दोन. पण फ्लॅट." म्हणजे तुम्ही चिंचोके परत देत गेलात तरी तो दर महिन्याला पन्नास चिंचोक्यांचंच व्याज धरणार. दरमहा १००, दहा महिन्यांचे १,००० रुपये. दर तोच, कर्ज तेवढंच, मुदत तेवढीच, आणि ४५० रुपये जास्त.

ही गोष्ट पुस्तकात दोन ओळींत दिलेली असते आणि वाचून विसरली जाते. पण शेवटच्या महिन्यात समोर पाचच चिंचोके पडले आहेत आणि आपण पन्नासाचं व्याज मोजतो आहोत, हे एकदा स्वतःच्या हाताने केलं की बाई ते विसरत नाही. मग कुणीही दारात येऊन "दोन टक्केच आहे हो ताई" म्हणालं, तर तिचा पहिला प्रश्न ठरलेला : "फ्लॅट की घटत्या शिल्लकीवर?"

४. नाक आणि जीभ

वासाने जुनी आठवण एकदम जागी होते, हे आपण जाणतोच. पहिल्या पावसाच्या मातीचा वास आला की माहेर आठवतं. मेंदूत वास ओळखणारा भाग हा आठवण आणि भावना सांभाळणाऱ्या भागांशी अगदी जवळून जोडलेला असतो, म्हणून असं होतं.

पण वासाने काही गणित पाठ होत नाही. नाकाचा उपयोग जिथे कामातच वास आहे तिथे करायचा. चांगला मुरघास हिरवट-पिवळा दिसतो आणि त्याला आंबट-गोड वास येतो. बिघडलेला काळपट पडतो आणि कुजका वास मारतो. हे पशुसखीने वहीत कितीही वेळा लिहिलं, तरी एकदा दोन्ही पिशव्या उघडून वास घेतला की खरं शिक्षण होतं. मसाल्याचा उद्योग करणाऱ्या गटाने नव्या सदस्येला चांगली मिरची आणि ओल लागून कुबट झालेली मिरची शेजारी शेजारी हुंगायला द्यावी. खराब माल हाताळून झाल्यावर हात स्वच्छ धुवावेत, आणि संशय असलेली कुठलीही वस्तू चाखून बघू नये.

"मी ऐकूनच शिकते" हे खरं का?

काही जणी म्हणतात, "मला बाई वाचून कळत नाही, मी ऐकूनच शिकते." प्रशिक्षणातही कधी कधी सांगतात की कुणी डोळ्यांनी शिकणारी असते, कुणी कानांनी. आवड प्रत्येकीची वेगळी असते, हे खरं. पण त्या त्या आवडीप्रमाणे शिकवलं म्हणून शिकणं जास्त चांगलं होतं का? २००८ मध्ये अमेरिकेतल्या चार मानसशास्त्रज्ञांनी याबद्दलचे अभ्यास तपासले. त्यांना तसा पुरेसा पुरावा मिळाला नाही.

म्हणून स्वतःवर शिक्का मारून घेऊ नका. इंद्रिय बाईवरून ठरवायचं नाही, विषयावरून ठरवायचं. यादी असेल तर डोळ्यांसमोर घर आणा. व्याख्या आणि पाढे असतील तर तोंडाने म्हणा. व्याज आणि हिशेब असेल तर हाताने वस्तू मांडा. माल ओळखायचा असेल तर नाकाला कामाला लावा. आणि एकाच धड्याला दोन-तीन दोऱ्या बांधता आल्या तर फारच उत्तम.

आता पुस्तक मिटा

इथवर आपण आत कसं घालायचं ते पाहिलं. पण कणगीत धान्य भरणं वेगळं आणि वेळेला ते काढता येणं वेगळं. परीक्षेत, बँकेत, बैठकीत गरज पडते ती काढण्याची. त्याचाही सराव लागतो.

अमेरिकेत २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा परत परत वाचला. काहींनी तो वाचून बाजूला ठेवला आणि आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा परत परत वाचणारे पुढे होते. एका आठवड्याने घेतली तेव्हा मात्र आठवून लिहिणारे पुढे गेले. परत परत वाचताना 'हे मला येतं' असं वाटतं, कारण ते समोर दिसत असतं. पुस्तक मिटलं की कळतं, खरंच किती येतं.

म्हणून प्रत्येक धड्याला शेवटी पुस्तक मिटा. काय आठवतं ते घरातल्या लेकराला सांगा, भिंतीला सांगा, नाहीतर म्हशीला सांगा. अडलं तर लगेच पुस्तक उघडू नका, क्षणभर डोक्याला ताण द्या. त्या ताणानेच ते पक्कं होतं.

वेळापत्रक : रोज पंधरा मिनिटं

दिवस पहिला : धडा समजून घ्या. त्याच संध्याकाळी पुस्तक मिटून सांगा.
दिवस दुसरा : कामाच्या वेळी रेकॉर्ड केलेले प्रश्न ऐका, उत्तरं द्या.
दिवस चौथा : वस्तू मांडून किंवा चित्र काढून पुन्हा करा. न बघता लिहा.
दिवस आठवा : बैठकीत सोबतिणीला शिकवा.

मधल्या दिवशी नवा धडा घेता येतो. एका रात्रीत तीन तास बसण्यापेक्षा असे चार वेळा पंधरा मिनिटं बसणं जास्त पदरात पडतं. आणि तीन तास कुणाकडे आहेत?

या महिन्याच्या बैठकीत करून पाहा

प्रत्येक गटाने पन्नास चिंचोके किंवा वालाचे दाणे आणावेत. दोन-दोन जणींची जोडी करावी. शिकलेली आणि न शिकलेली अशी जोडी असेल तर बरं. बैठकीतली शेवटची पंधरा मिनिटं यासाठी ठेवा. एकीने कर्जदार व्हायचं, दुसरीने गट. आधी घटत्या शिल्लकीवर मांडा, मग फ्लॅट. त्यानंतर गटातून कुणी बाहेरून कर्ज घेतलं असेल तर तिचं कार्ड समोर ठेवून तोच हिशेब करा. सचिवाने एकटीने हिशेब करायचा आणि बाकीच्यांनी माना डोलवायच्या, हे आता पुरे. सही किंवा अंगठा जिचा, तिला आकडा स्वतः मांडता आला पाहिजे.

उजळणी

हे पान झाकून उत्तरं द्या. उत्तरं इथेच आहेत, पण आधी आठवून पाहा.

१. सगळ्यात जास्त विसरणं केव्हा होतं?
२. तुमच्या घरातल्या कुठल्या पाच जागांवर पंचसूत्री ठेवली?
३. कुठली गोष्ट कधीच मोठ्याने म्हणायची नाही?
४. ५,००० रुपयांवर शेकडा २ ने, दरमहा ५०० मुद्दल फेडत, घटत्या शिल्लकीवर एकूण व्याज किती? फ्लॅटने किती?
५. सहाव्या महिन्यात समोर किती चिंचोके असतील आणि त्या महिन्याचं व्याज किती होईल? (याचं उत्तर पाठात दिलेलं नाही. चिंचोके मांडा आणि काढा.)